रविवारचं कपिलधार

नवऱ्याची दारू सुटावी असं मला लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून वाटत होतं. पण नुसतं वाटून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. जागेवरून उठवलं ते चौथीच्या वर्गातल्या दोन मुलींनी.

पाटोद्याजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवऱ्याचं पाटोद्यात, आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडं आणून टाकतात, तो त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी भरतो. हात फार चांगला. दिवसा माणूसही फार चांगला. संध्याकाळी दुरुस्त मोटार न्यायला आलेलं गिऱ्हाईक खूश असायचं आणि खूश झालेल्या गिऱ्हाइकाला एकट्यानं बसवत नसे. रोज कुणाची ना कुणाची मोटार चालू व्हायचीच.

एकदा तो मला न्यायला शाळेत आला तो तसल्याच अवस्थेत. गाडी तिथंच लावून आम्ही पायी फाट्यावर आलो आणि जीपनं घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानात हशा ऐकू आला म्हणून मी खिडकीतून बघितलं. एक मुलगी डुलत डुलत चालत होती. कंबर एकीकडं, मान दुसरीकडं, आणि मधूनच थांबून हवेतल्या कुणाला तरी रामराम. नक्कल इतकी झकास होती की मला हसू फुटलं. मग मागची दुसरी मुलगी दिसली. ती ओढणीचा पदर करून, तो दोन्ही हातांनी आवळून, चोरासारखी डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची आणि दोन पावलं भरभर टाकायची. टाळ्या हिला जास्त पडत होत्या.

ती मी होते.

नवऱ्याची चाल मला पाठ होती. माझी चाल अशी झालीय हे मला माहीत नव्हतं. पुढचा तास गणिताचा होता. मी मुलांना पाढे लिहायला सांगितले आणि फळ्याकडं तोंड करून बराच वेळ फळा पुसला.

त्या आठवड्यात मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, बीडला दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरते, रविवारी, एका शाळेच्या आवारात. गोळ्या-इंजेक्शन काही नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं. बाहेर पाटी नसते, नाव कुणी विचारत नाही.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो सकाळचा चहा पीत होता, म्हणजे शहाणा होता. त्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "येतो. पर पाटोद्यात कुनाला कळलं न्हाई पायजे."

पाटोद्यात तो पितो हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. पण पिण्याची त्याला लाज नव्हती, सोडण्याची होती. मी वाद घातला नाही.

"आईला काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"कपिलधारला जातो म्हणून सांगू. वाटेवरच आहे."

सासूबाईंना भरून आलं. लेकाला देवाची आठवण झाली म्हणून त्यांनी डब्यात दशम्या बांधून दिल्या. फक्त एक शंका काढली, "सोमवार सोडून रविवारी कावून गं?"

"सोमवारी शाळा असते ना, आत्याबाई." हे तरी खरं होतं.

बीडला ती शाळा सापडली. आवार मोठं, इमारती दोन. एका खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता आणि बाहेर पाटी नव्हती. पाटी नाही म्हणजे हीच, असं म्हणून आम्ही आत शिरलो. खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. मधोमध पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाल्या असणार हे मी लांबूनच ओळखलं. आमच्या जातीचं आम्हाला कळतं. त्यांनी मानेनंच "बसा" म्हटलं. कुणीतरी आमच्या हातात चहा दिला. चहा बिनसाखरेचा होता. मला वाटलं, दारू सोडणाऱ्यांना साखरही बंद असेल.

सफारी घातलेले एक जाडजूड गृहस्थ बोलत होते. "घरात मिळंना म्हणून मी बाहेर जाऊन घेतो. दुकानदार आता वळखतो. मी दिसलो की न सांगताच काढून ठेवतो."

नवऱ्यानं मान हलवली. ही व्यथा त्याच्या ओळखीची होती.

मग एक तरुण बाई म्हणाली, की लग्नाकार्यात कुणी आग्रह केला की तिला नाही म्हणवत नाही आणि एक घेतलं की हात थांबत नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले. तिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. आणि त्यानंतर नऊवारीतल्या, तोंडात एकही दात नसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मी साड्यांच्या घडीत लपवते. सून दळनाला गेली की काढते."

नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. "बघ की," तो कुजबुजला, "आजी बी!"

खोटं कशाला सांगू, मला आजींबद्दल एकदम आदर वाटला.

त्या आजींनीच त्याला धीर दिला असावा. बाईंनी "तुम्ही नवीन दिसता, बोला की" म्हटल्यावर तो शाळेतल्या पोरासारखा उठून उभा राहिला. मला वाटलं, दोन शब्द बोलून बसेल. घरी त्यानं कधी "जरा जास्त झाली" एवढंही कबूल केलेलं नव्हतं.

"रोज घेतो," तो म्हणाला. "उद्यापासून न्हाई म्हनतो आन् रोज घेतो. सकाळी हात कापतेत. तार बारीक असती, हात कापले की तुटती. मग गिऱ्हाइकाला म्हनतो, तारच खराब आलीय." त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हिला शाळंतून आनायला गेलतो. तवापासून ही माझ्याशी नीट बोलंना. मला लई भ्या वाटाय लागलंय."

मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

सफारीवाल्यांनी घसा साफ केला. "किती घेता रोज?"

"एक क्वार्टर. कवा कवा दोन."

"पाव किलो?" सफारीवाले ओरडले. "रोज? आन् कवा कवा अर्धा? काय, पेढे का बर्फी?"

नवरा त्यांच्याकडं बघत राहिला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. आजी काळजीनं म्हणाल्या, "आरं बाबा, पाव किलो रोज खाल्ल्यावर हात कापतीलच की. शुगर किती हाय तुझी?"

साखरेच्या रोग्यांची बैठक होती ती. आजी साडीच्या घडीत पेढे लपवत होत्या.

बाईंना पहिल्यांदा कळलं. त्यांनी चष्मा काढला, पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला तशी ती सगळी खोली हसायला लागली. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि आयुष्यात पुन्हा कुठल्या बैठकीला येणार नाही. पण तो खुर्चीत बसला आणि पोट धरून हसायला लागला. न पिता तो इतका हसलेला मी कधी बघितला होता ते मला आठवेना.

"चला," बाई उठल्या. "तुमची खोली मागच्या इमारतीत. माझा धाकटा भाऊच बसतो तिथं. पाटी लावा म्हणून मी दोन्ही बैठकांना सांगून थकले. त्यांना पाटीची लाज वाटते आणि आमच्याकडं पाटीला खिळा नाही."

मागच्या खोलीच्या दारात खाकी पँट घातलेला एक उंच माणूस उभा होता. एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर झालेला. बाई म्हणाल्या, "जय भीम रे. हे घे, तुझं गिऱ्हाईक चुकून माझ्याकडं आलं होतं. सगळं बोलून झालंय त्याचं. आता तू फक्त ऐकून घे."

ड्रायव्हरनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "इथं कुनाला नाव विचारत न्हाईत. तुमी बी कुनाचं विचारू नका."

"बरं," नवरा म्हणाला.

"गाव कोनतं?"

"पाटोदा."

"पाटोद्यात कुठं?"

"बाजारपेठेत. मोटारीचं दुकान हाय."

"वाइंडिंगचं? मग तुमची सासुरवाडी घाटनांदूरची न्हाई का? तुमच्या मेव्हन्याच्या लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी मीच नेलती की!"

एवढं सगळं निघालं, पण नाव मात्र शेवटपर्यंत विचारलं नाही. नियम म्हणजे नियम. मीही इथं कुणाचं नाव लिहीत नाही ते त्याच नियमानं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मागच्या खोलीत बायकांना बसायची सोय नव्हती. तेव्हा तो तिकडं बसे आणि मी पुढं, साखरवाल्यांत. मला साखर नव्हती, पण बाईंनी मला घालवलं नाही. "काहीतरी सोडवत नाही अशी माणसं बघायची तर इथंही तीच आहेत," त्या म्हणाल्या. दर रविवारी मी तो कडू चहा पिऊन आजींची गाऱ्हाणी ऐकायची. एकदा आजींनी टेबलाखालून माझ्या हातात कागदाची पुडी सरकवली. आत पेढा होता. "तुला चालतंय, तू खा," त्या म्हणाल्या, "मी नुसती बघते." मी खाल्ला. त्यांनी खरोखर शेवटच्या घासापर्यंत बघितलं.

परत येताना मात्र आम्हाला कपिलधारला जावंच लागे. त्याला कारण शेजारीण. आम्ही देवाला जातो हे सासूबाईंनी गल्लीत सांगितलं होतं, तेव्हा पुढच्याच रविवारी शेजारच्या काकूंनी एक नारळ आणून दिला, "आमच्या नावानं फोडा." त्याच्या पुढच्या रविवारी समोरच्यांचा आला, मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांचा. कुणाची मुलगी परीक्षेला बसलेली, कुणाचं कोर्टात अडकलेलं. पिशवी भरायला लागली. नवरा गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून म्हणायचा, "दारू सोडाय निघालो आन् नारळाची वाहतूक सुरू झाली."

पण त्याला ते आवडायला लागलं होतं. धबधब्याखाली लोक भिजत असायचे, माकडं आमच्या पिशवीवर डोळा ठेवून असायची. तो एकेक नारळ फोडताना ज्याचा त्याचा नवस मनातल्या मनात म्हणायचा. एकदा मी विचारलं, "आणि आपला?" तो म्हणाला, "आपला सकाळीच बोलून आलो की."

पोळ्यापर्यंत असं चाललं. पोळ्याला एका जुन्या गिऱ्हाइकानं बैलं बघायला म्हणून रानात नेलं. संध्याकाळी तो आला तेव्हा दारातून आत यायला त्याला चौकट सापडत नव्हती. सासूबाई बघत होत्या. त्यांनी पुरणपोळीचं ताट झाकून ठेवलं आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. मला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कंटाळा आला. पुन्हा तीच चाल चालायची याचा कंटाळा.

रविवारी तो उठेना. पांघरुणातूनच म्हणाला, "मी येत न्हाई. काय तोंड दाखवू तिथं?"

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. शेवटी सोडून दिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "ते नारळ रे? लोकांनी देवाच्या नावानं दिलेले हायत. घरात ठिवून घेत न्हाईत."

पिशवी कोपऱ्यात होती. त्या आठवड्यात नेमके जास्त नारळ आले होते. नवऱ्यानं पांघरुणातून डोकं बाहेर काढून पिशवीकडं बघितलं. पिशवीनं बहुतेक त्याच्याकडं बघितलं असावं, कारण तो उठला आणि शर्ट शोधायला लागला.

"फकस्त कपिलधार," त्यानं मला बजावलं. "बीड न्हाई."

"बरं," मी म्हणाले. कपिलधारचा फाटा आला तेव्हा मात्र मी मागं बसून इतक्या जोरजोरात साखरवाल्या आजींच्या पेढ्यांची गोष्ट सांगत होते, की फाटा मागं गेला. त्याच्या लक्षात आलं तेव्हा बरंच पुढं आलो होतो. पण तो गाडी तशीच चालवत राहिला. त्याला फाटा दिसलाच नव्हता यावर आजही माझा पूर्ण विश्वास नाही.

त्या दिवशी बीडला मागच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मी ओट्यावर बसून ऐकलं. त्यानं पोळ्याचं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी उपदेश केला नाही. ड्रायव्हर तेवढा म्हणाला, "पोळा बैलाचा असतो बे. तुला कुनी सांगितलं सजाय?" आणि त्याला शेजारची खुर्ची ओढून दिली. "पुढच्या सनाला आदल्या दिशी मला फोन करायचा. मी येतो तुझ्या दुकानात बसाय. बैलं बघू दोघं मिळून."

दिवाळीनंतर एका शनिवारी शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या. नेहमी दारातूनच देऊन जायच्या, त्या दिवशी आत आल्या. सासूबाई झोपल्यात का ते वाकून बघितलं आणि माझ्याजवळ सरकल्या.

"ह्यो माझ्या भावासाठी," त्या म्हणाल्या. "लई पितो. देवाला सांगा." मग आवाज आणखी उतरवून, "आन् तुमी जिथं जाता तिथं बी सांगा."

"कुठं जातो काकू? कपिलधारला—"

"आगं बाई, देव ऐकतो. पर दर रविवारी दुपारपस्तोर न्हाई ऐकत कुनाचं."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

काकूंनी विचार केला. "तुझ्या नवऱ्याला सोडून समद्यांला," त्या म्हणाल्या.

मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो आधी लाल झाला, मग त्यानं विचारलं, "आईला?" मी मान हलवली. तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात गूळ-शेंगदाण्याचा लाडू होता आणि तो लहान मुलासारखा खात होता.

"मग आता लपवायचं काय ऱ्हायलं?" तो म्हणाला. "हितंच बसू की. दुकानात. काकूच्या भावाला बीड लांब पडंल."

गुरुवारी संध्याकाळी, दुकान बंद करायच्या वेळी, असं ठरलं. त्यानं जळक्या मोटारी एका बाजूला सारल्या, फरशी धुतली, माझ्याकडून शाळेतली सतरंजी मागून घेतली. ड्रायव्हर बीडहून बसनं आला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस प्रवासी म्हणून आला की कंडक्टरला किती सूचना करतो ते त्यानं स्वतःच रंगवून सांगितलं. मी चहा केला, साखर घालून. तिघं वाट बघत बसलो. मी म्हणाले होते, मी आत जाते, पण ड्रायव्हर म्हणाला, "बसा वहिनी, मानसं येस्तोर बसा. न्हाईतर दोघांचीच बैठक दिसती."

काकूंचा भाऊ आला नाही. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग अर्ध्या शटरखालून वाकून एक माणूस आत आला आणि आम्ही तिघंही सावरून बसलो. स्टँडाच्या मागं देशी दारूचं दुकान चालवणारा होता तो. नवऱ्याला इतकी वर्षं माल त्यानंच दिलेला.

"काय काम काढलं?" नवऱ्यानं विचारलं.

"काम काय न्हाई," तो म्हणाला. चपला काढल्या नाहीत, शटरजवळच उभा राहिला. "तुमी हितं माझं गिऱ्हाईक फोडायलात म्हनं. म्हनलं बघून यावं."

"बघा की," ड्रायव्हर म्हणाला. "हे एवढंच हाय. दोन मानसं, एक वहिनी आन् चहा."

तो माणूस मोटारींकडं बघत राहिला. भिंतीवरच्या तारांच्या वेटोळ्यांकडं बघितलं. मग सतरंजीच्या कडेला, एक गुडघा वर करून, लगेच उठता येईल असा बसला. मी उठायला लागले तर त्यानंच हातानं थांबवलं.

"मी इकतो," तो म्हणाला. "आन् पितो बी. सकाळी शटर उघडायच्या आधी घेतो, त्याबिगर शटर वर जात न्हाई. ह्या दोन्हीतलं आधी काय सोडू, सांगा."

नवऱ्यानं ड्रायव्हरकडं बघितलं. इतक्या रविवारांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसावा. ड्रायव्हर डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "हे मला बी म्हाईत न्हाई गड्या."

"आधी चपला सोड," नवरा म्हणाला. "मग चहा घे. मग बघू."

त्यानं चपला सोडल्या.

काकूंचा भाऊ पुढच्या महिन्यात आला, शुद्धीत नव्हता, पण आला. आता गुरुवारी शटरखालून पाच-सात जोड चपला दिसतात आणि अख्ख्या बाजारपेठेला त्या कुणाकुणाच्या हे माहीत असतं. दारूच्या दुकानदारानं पिणं सोडलं, मधे एकदा पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. विकणं अजून चालू आहे. लायसन भावाच्या नावावर करायचं म्हणतो, आणि भाऊ नको म्हणतो. त्यावरून सतरंजीवर जोरात भांडणं होतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते, कारण दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे आणि ड्रायव्हरचा आवाज आयुष्यभर इंजिनावर चढवलेला आहे.

परवा तो दुकानदार जाताना माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, एक सांगू का? तुमच्या चहात साखर लई कमी असती."